सोमवार शंकराचा, बुधवार बोंबलाचा

डाएट सोमवारी सुरू होतं, यात महाडचं काही विशेष नाही. ते जगभर सोमवारीच सुरू होतं. महाडचा खास वार बुधवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, अशी वाटणी देवांनी आमच्याकडे फार पूर्वी करून घेतली. उरलेले बुधवार, शुक्रवार आणि रविवार मासळीच्या वाट्याला आले. त्यामुळे सोमवारी धरलेल्या डाएटला पहिले दोन दिवस परस्पर देवच सांभाळतात आणि माणसाला वाटतं, आपला निश्चय पक्का आहे. बुधवारी सकाळी मासळीवाली मावशी आळीच्या तोंडाशी टोपली उतरवते, तेव्हा निश्चय कोणाचा होता ते उघड होतं.

मोडण्याला मी फारसं महत्त्व देत नाही. मोडणारी वस्तू मोडायचीच. खरी गंमत त्यानंतर आहे. बुधवारी दुपारी बोंबलाच्या कालवणाबरोबर दोन मुदी भात जास्त गेला, एवढ्यावर माणूस जाहीर करून टाकतो की या आठवड्याचं डाएट बुडालं. पुन्हा कधी? संध्याकाळपासून नाही, उद्यापासूनही नाही. थेट पुढच्या सोमवारपासून. मधले दिवस तो पॅरोलवर सुटलेला असतो आणि परत आत जायचंय या हिशेबानेच जेवतो.

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, या विषयातले अधिकारी पुरुष. नोकरी एमआयडीसीत, पाळीची. बिऱ्हाड महाडात. मूळ घर पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत. एका पोटाला तीन पाळ्या आणि दोन गावं लागली की काय होतं, ते त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर वाचता येतं. भोकं कारखान्याने पाडलेली पाच, घरी खिळ्याने पाडलेली दोन. डॉक्टरांनी 'साखर काठावर आहे' असं सांगितल्यापासून ते डाएटवर आहेत. सलग नव्हे, पण आहेत.

महाराष्ट्रात २०१८च्या सुमारास घरोघरी दोन पक्ष पडले होते, ते आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडं थोडं, वरचेवर खा, आपल्या मातीतलं खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका. भावोजींनी दोन्हीकडचं सोयीचं तेवढं उचललं. पंचावन्न मिनिटं दीक्षितांची, भात आणि तूप दिवेकरांचं. 'पंचावन्न मिनिटांत किती खायचं, ते कुठे सांगितलंय?' असा त्यांचा बिनतोड सवाल होता. जेवणाचं पान पुढे आलं की ते मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि मग वेळ वाया घालवायचे नाहीत. दीक्षित चालायलाही सांगतात, पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर. भावोजी गावी गेले असताना पहाटे उठून निघाले, तेव्हा त्यांच्या आईने अंगणातूनच विचारलं, "कुठं निघालास?"

"चालायला."

"कोणाकडं?"

"कोणाकडं नाही आये, नुसतं चालायला."

"मग येताना एक मोळी तरी आण."

त्या वाडीतल्या बायाबापड्या दळणाला, रेशनला, दवाखान्याला घाट उतरून जातात आणि चढून येतात. नुसतं चालायला जाणं ही त्यांच्या मते डोक्याची तक्रार आहे.

तर भावोजींचं डाएट एकदा मोडलं आणि पुन्हा धरायचं ठरलं, तेव्हा ते कालनिर्णय घेऊन बसले. १९७३ सालापासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेत विवाहाचे मुहूर्त असतात, मुंजीचे असतात, वास्तुशांतीचे असतात. डाएटचाही मुहूर्त कोणी शोधेल, हे ती काढणाऱ्या साळगांवकरांनी धरलं नसावं. भावोजींना एक असा सोमवार हवा होता, ज्याच्या पुढे सलग महिनाभर काही नाही.

"श्रावणात धरतो," ते म्हणाले. "मासळी बंदच असते."

"नागपंचमीला पातोळ्या," ताई आतून म्हणाली. "नारळी पौर्णिमेला नारळीभात. आणि श्रावणाच्या आधी अमावास्या आहे ना तुमची, ती विसरलात?"

आषाढी अमावास्येचं लोकांनी काय करून ठेवलंय, ते सांगायला नको. माणूस महिनाभराच्या उपासाची बेगमी एका रात्रीत करतो.

"मग भाद्रपद."

ताईने नुसतं बाहेर येऊन पाहिलं. कोकणातल्या घरात भाद्रपदात डाएट म्हणजे काय, हे तिच्या चेहऱ्यावर होतं.

पुढे नवरात्र आहे, पण उपासाचा साबुदाणा आणि शेंगदाणे कॅलरीच्या बाबतीत देवीलाही जुमानत नाहीत. दिवाळीला फराळ. थंडीत शेतात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात शेंगा, कोंबडी, अंडी, मडकं पालथं आणि वर जाळ. थंडी सरेपर्यंत लग्नं लागायला लागतात. महाशिवरात्रीला धरून महाडात श्रीवीरेश्वराचा छबिना, मागोमाग शिमग्याच्या पालख्या आणि पुरणपोळ्या, मग आंबे, मग फणस. पहिला पाऊस पडून पऱ्ह्यांना पाणी आलं की वलगणीचे मासे चढतात; त्यांना सोमवार-गुरुवार कळत नाही, माणसांनाही तेवढे दिवस कळत नाही. भावोजींनी एकेक पान उलटत डिसेंबर गाठला आणि एका पानाच्या पाठीवर थांबले. बराच वेळ वाचत राहिले. सापडला वाटतं सोमवार, म्हणून मी डोकावलो. मागच्या बाजूला पाककृती होती.

मुहूर्ताचं हे वेड आपल्यापुरतं नाही, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. अमेरिकेत हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी २०१४ साली दाखवून दिलं, की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या आरंभाला लोक गूगलवर 'डाएट' हा शब्द जास्त शोधतात आणि व्यायामशाळेतही जास्त जातात. त्यांच्याकडे पंचांग नसताना ही अवस्था. आमच्या तालुक्यात रायगड. तिथे राज्याभिषेकाचा सोहळाही वर्षातून दोनदा होतो, ६ जूनला तारखेने आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने. आम्ही संकल्पही तसेच करतो. १ जानेवारीला तारखेने आणि गुढीपाडव्याला तिथीने. दोन्ही हुकले तर दसरा आहे, पाडव्याचा धाकटा भाऊ बलिप्रतिपदा आहे, वाढदिवस आहे. सुरुवात करण्याच्या बाबतीत आमच्याएवढा सधन माणूस जगात नसेल.

आणि ज्या दिवशी मुहूर्त लागतो, त्या दिवशी पत्रिका येते. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यातलं. मुलाचं लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्यावर गेले, हे आम्ही चौथीत शिकलो आणि त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं. आता त्याच भागात लग्नाची पत्रिका आली, की कोंढाणा बिनदिक्कत पुढच्या महिन्यावर जातो. त्यातही लग्नापेक्षा हळद जड. लग्नाच्या दिवशी मांडवात निमूट शाकाहारी पान असतं. आदल्या रात्री हळदीला मटणाचं पातेलं चढतं आणि नवरदेवाचं नाव माहीत नसलेली माणसंही तिथे आपुलकीने हजर असतात. भावोजींचा एक मित्र हळदीला गेला आणि 'फक्त रस्सा घेतो' म्हणाला. वाढप्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने घरच्यांच्या इज्जतीचा पंचनामा मागितला. रस्सा आला. रश्शात जे काही तरंगत होतं, त्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

नको म्हणणं हे आमच्या भागात सोपं नाही, हे बाहेरच्यांना समजत नाही. शहरातला आहारतज्ज्ञ सांगतो, 'नम्रपणे नकार द्या.' त्याने एकदा पोलादपूरच्या वाडीत येऊन द्यावा.

"भात नको म्हंतो? बरं नाय काय?"

"बरं आहे काकी. भात कमी केलाय."

"मंजे शुगर निघाली!"

इथून बातमी वाऱ्यावर. तासाभरात कोणीतरी जांभळाच्या बियांची पूड घेऊन येतं, कोणी कारल्याचा रस सुचवतं, आणि कोणी आपल्या त्या वारलेल्या मामांची हकीकत सांगतं, ज्यांनी भात सोडला आणि महिन्यात गेले. नकाराला आजार चालतो किंवा देव चालतो. माळकऱ्याच्या पानात कोणी चुकूनही मासळी वाढत नाही. 'त्याला माळ हाय' एवढं एक वाक्य पुरतं. डाएटवाल्याला तशी माळ नाही, बुक्का नाही, पालखीत जागा नाही. म्हणून चतुर माणसं डाएट देवाच्या खात्यावर टाकतात. 'गुरुवार धरलाय' म्हटलं की आग्रह जागच्या जागी थांबतो, उलट दोन केळी आणि दूध मिळतं. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी असे करत करत पाच वार धरलेत. त्यांची भक्ती पाहून लोक आता त्यांच्याकडे सल्ला विचारायला येतात.

माळकऱ्यांचं मला आणखी एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. एकादशी वर्षाला चोवीस, अधिक महिना आला तर सव्वीस. एखादी चुकली, विसरून तोंडात भाताचा घास गेला, तर माणूस जीभ चावतो, विठ्ठलाचं नाव घेतो आणि पंधरा दिवसांनी पुढची एकादशी करतो. मधल्या काळात 'आता मोडलंच आहे तर' म्हणून मटण खात सुटल्याचं ऐकिवात नाही. दुप्पट खाशी ती एकादशीलाच, साबुदाण्याची.

हे 'आता मोडलंच आहे तर' मात्र डाएटवाल्याचा खास आजार, आणि तो प्रयोगशाळेत पकडला गेलाय. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोघांनी अमेरिकेतल्या विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजला आणि मग 'चव सांगा' म्हणून पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. ज्या मुली एरवी बेतानं खाणाऱ्या नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सदानकदा वजनाची काळजी करत खायच्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. मिल्कशेकने नियम मोडला होता. आता आइस्क्रीमला कोण विचारतो! हा प्रयोग आमच्याकडे दर भाद्रपदात मोदकांवर होतो आणि त्याला अनुदान लागत नाही.

चाकरमानी येतात. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११पासून चालू आहे, त्यामुळे ते कधी येतील ते सांगता येत नाही; पण आले की भुकेलेले येतात आणि त्यांच्या निमित्ताने सगळ्या घराला भूक लागते. गावच्या घरी पहिल्या दिवशी भावोजींच्या पानात एक उकडीचा मोदक पडला. डाएट चार आठवडे चांगलं चाललं होतं, पट्टा घरच्या भोकांवरून कारखान्याच्या शेवटच्या भोकावर आला होता. त्यांनी मोदकाकडे पाहिलं, मोदकाने त्यांच्याकडे. त्यांच्या वहिनी तुपाची लोटी घेऊन उभ्या.

"खा भावोजी, एकानं काय व्हतंय? देवाचा परसाद हाय."

एकाने खरंच काही होत नाही. जे होतं ते दुसऱ्यापासून, कारण पहिल्याने डाएट मोडलेलं असतं. तिसरा वहिनींच्या आग्रहाचा, चौथा सूनबाईने पहिल्यांदाच कळ्या चांगल्या पाडल्या म्हणून, आणि पाचवा उगाच एकटा राहिला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी आली, ती पथ्याची म्हणून भावोजींनी दोनदा घेतली. मग गौरी आल्या. आमच्या बऱ्याच घरांतून गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माहेरवाशिणीला कोंबडी-वडे नसतील तर ती येईल कशाला? गौरीबरोबर बाकीच्यांचंही माहेरपण होतं. विसर्जनाला भावोजी टाळ घेऊन नाचले खरे, पण तेवढ्याने हिशेब जुळण्यासारखा नव्हता.

महाडात परतल्यावर त्यांनी वजन केलं. ते घरच्या काट्यावर वजन करत नाहीत, घरचा काटा ताईच्या बाजूचा आहे. ते भातगिरणीत जातात. तिथला काटा पोत्यांचा, त्याला कोणाची भीड नाही; फक्त गिरणीवाल्याला पोत्याचा आकडा मोठ्याने सांगायची सवय आहे.

दोन किलो वाढले होते. भावोजी काट्यावरच बसले. चार आठवड्यांत उतरवलेलं चार दिवसांत परत! आता सगळंच सोडावं, असा त्यांचा चेहरा. मी तोंडी हिशेब घातला. एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी. दोन किलो चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर पंधरा हजारांहून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. एका मोदकाच्या दीडशे धरल्या तरी शंभरावर मोदक झाले. "भावोजी, शंभर खाल्लेत?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मोजत होते असं दिसलं. "शंभर नसतील," ते सावधपणे म्हणाले.

मग वाढलं काय? बरंचसं पाणी. भात, गूळ, वडे असं चापून खाल्लं की त्यातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि ती साठवताना ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बरोबर अडकवतं. पापड-लोणच्याचं मीठ आणखी अडकवतं. शिवाय जे खाल्लंय ते सगळं अजून बाहेर पडलेलं नसतं. पान नेहमीसारखं झालं की हे पाणी आठवड्याभरात ओसरतं. पाणी चढतं तसं उतरतं, हे महाडकराला कोणी शिकवायचं? सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी बाजारपेठेत येणं आमच्या पावसाळ्याच्या हिशेबात धरलेलंच असतं. २२ जुलै २०२१ला तर ते धरलेल्या हिशेबाच्या पार वर गेलं. खालचे मजले बुडाले, दुकानातला माल गेला. तो गुरुवार होता. पाणी ओसरल्यावर दुकानदारांनी फावडी हातात घेतली आणि गुडघाभर चिखल उपसायला लागले. आता सोमवारपासून बघू, असं म्हणणारा एक माणूस मला त्या रस्त्यावर आठवत नाही. त्याच पेठेतला दुकानदार हळदीच्या मटणानंतर मात्र सोमवारची वाट बघत बसतो, याचं मला फार नवल वाटतं. त्याला मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "चिखल काय कोणी आग्रहाने वाढत नाही."

भावोजींना पाण्याचा मुद्दा पटला. पटण्यासारखाच होता, त्यात त्यांचा दोष जवळजवळ नव्हता. उतरताना त्यांनी वार विचारला. बुधवार होता. मला वाटलं, आता कालनिर्णय येणार. पण त्यांच्या पिशवीत आईने गावाहून दिलेली नाचणी होती, ती दळायला टाकायचीच होती.

या नाचणीचीही एक कथा आहे. पोलादपूरच्या उतारांवर, जिथे भाताला सपाटी मिळत नाही, तिथे नाचणी आणि वरी होते. भात विकत घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा ती खाल्ली, ऐपत आल्यावर सोडली. मग संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष ठरवलं आणि तीच नाचणी बिस्किटाच्या पुड्यात शिरून, चकचकीत कागद नेसून मुंबईहून गावी परत आली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदूळ त्याच्या जवळपासही फिरकत नाही. भावोजींच्या पुतण्याला मुंबईत आहारतज्ज्ञाने पैसे घेऊन तक्ता लिहून दिला: नाचणीची भाकरी, ताक, पालेभाजी, कडधान्याची उसळ. त्याने तो फोनवरून आजीला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "यात नवीन काय सांगितलान त्यानं?" टाकळा, भारंगी, फोडशी घराच्या मागच्या दरडीवर फुकट उगवत होती, म्हातारी ती खुडून ऐंशीच्या घरात पोचली होती, आणि तिच्या पातळाला पट्टा लागत नव्हता.

तर गिरणीत नाचणी काट्यावर आली. पिठासाठी रांगेत बसलेल्या बायांनी पिशवीत डोकावून पाहिलं. पुरुषमाणूस नाचणी दळायला आणतो, म्हणजे घरात कोणीतरी लहान बाळ आहे किंवा कोणीतरी आजारी.

"डाएट करतोय," भावोजींनी स्वतःहून सांगून टाकलं. शुगर म्हणण्यापेक्षा ते बरं.

"आज सुरू केलंत?" एका मावशींनी विचारलं.

"आज."

"अहो, पक्ष चालू हाय. पितरपंधरवड्यात नवं काय सुरू करू नये."

गिरणीत एकदम शांतता पसरली. गणपती जाऊन पौर्णिमा झाली होती, पितृपक्ष लागला होता, आणि मावशींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. सर्वपित्रीपर्यंत दोन आठवडे. पुढे घटस्थापना, म्हणजे उत्तम मुहूर्त, पण साबुदाणा. मला भावोजींच्या डोळ्यांत पानं उलटताना दिसली. डिसेंबरपर्यंत गेली असावीत.

"नवं कुठंय मावशी," ते म्हणाले. "जुनंच चाललंय. मधे पाहुणे आले होते एवढंच."

मावशींनी विचार केला. जुनं असेल तर शास्त्राची काही हरकत नव्हती. त्यांनी मान डोलावली आणि ओलं वाटप घालून नाचणीच्या भाकरीबरोबर जवळा कसा छान लागतो, ते समजावून सांगायला लागल्या. आज बुधवार होता, जवळा बाजारात आलाच असणार, असंही त्यांनी सुचवलं.

गिरणीवाल्याने पिशवी उचलून जात्याच्या तोंडाशी नेली आणि पट्टा चालू करण्याआधी ओरडून विचारलं, "भाऊ, बारीक करायचं ना?"

"जमतंय का बघ," भावोजी म्हणाले.